लाल पट्टीवरची रेवामावशी

रेवामावशी माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसे. तुम्ही तिच्यापुढे उभे राहून नाव सांगा, गाव सांगा, घरचं रडगाणं सांगा. ती मान खाली घालून तुमच्या पायांकडे बघत सगळं ऐकणार आणि उत्तरही पायांनाच देणार. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईला फार गर्व आहे. मग वाटलं, लाजाळू असेल. आठवड्याभरात कळलं की तोंडाशी तिला काही कर्तव्यच नव्हतं. "तोंडाचं काय घेऊन बसली बापा," ती म्हणायची, "तोंड शिकवलेलं राहते. पायाला कोणी शिकवत नाही."

तिच्याबद्दल लिहायला बसले आहे ते तिचं कौतुक करायला, असं मी घरात सांगितलंय. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. तिचं सांगताना थोडं माझंही सांगावं लागेल, आणि माझं सांगण्यासारखं नाही. इतकी वर्षं म्हणूनच सांगितलं नाही.

साल एकाहत्तर. जबलपुरात फॅक्टऱ्यांना तोटा नाही. त्यातल्या एकीत मी टेम्परवारी लागले होते. घमापुरातून आम्ही पाच-सहा जणी बसने जायचो. आमच्या सेक्शनमध्ये सगळ्या बायकाच. तोफेला लागणाऱ्या बारुदीच्या कापडी थैल्या भरायच्या, त्यांची तोंडं शिवायची आणि पेटीत रचायच्या. काम अवघड नव्हतं. आत जाणं अवघड होतं.

सेक्शनच्या दाराशी एक खोली होती. तिच्या फरशीवर हातभर रुंद लाल पट्टी रंगवलेली आणि त्या पट्टीवर आडवा एक लाकडी बाक. पट्टीच्या अलीकडे आपलं जग, पलीकडे बारूद. अलीकडे बाकावर बसायचं, चपला काढायच्या, अंगावर लोखंड, पितळ, चांदी, सोनं जे असेल ते उतरवून कापडी पिशवीत घालायचं आणि पिशवी आपल्या नंबरच्या खुंटीला अडकवायची. आकडे, पिना, बांगड्या, जोडवी, सगळं. मंगळसूत्राऐवजी आम्ही काळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून घालायचो. धातू कुठे घासला आणि एक ठिणगी उडाली, तर पुढची काळजी करायला कोणी उरलं नसतं. मग बसल्या बसल्याच पाय उचलून बाकापलीकडे न्यायचे आणि तिकडे फॅक्टरीचे बिनखिळ्यांचे जोडे घालायचे. बाहेरची धूळ, बाहेरची चप्पल पलीकडे जाता कामा नये.

त्या बाकाच्या टोकाशी, बरोबर लाल पट्टीवर, एका बुटक्या स्टुलावर रेवामावशी बसायची. पाय तपासणं आणि जोडे देणं हे तिचं काम. कागदावर तिच्या हुद्द्याला इंग्रजी नाव होतं, ते तिला स्वतःला म्हणता येत नसे. हिंदी पोरी मौसी म्हणायच्या, आम्ही मावशी. तिचे पूर्वज म्हणे भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. मी लग्न होऊन पुण्याकडून आलेली. माझं "इश्श" ऐकलं की तिला हसू आवरत नसे.

पहिल्या दिवशी तिने माझे पाय पाहिले आणि दोन वेगवेगळ्या जोड्यांतला एकेक जोडा माझ्यापुढे टाकला. मी म्हटलं, "मावशी, हे एका मापाचे नाहीत."

"तुझे पाय तरी कुठं एका मापाचे आहेत? डावा मोठा आहे. लग्नाआधी कोणी सांगितलं नाही काय?"

बाकावरच्या सगळ्या जणी हसल्या. मी तोंड फुगवून दोन्ही जोडे घातले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दोन्ही पायांना जोडा नीट बसला. स्टोअरवाले तिच्या नावाने बोटं मोडायचे, कारण त्यांच्या रजिस्टरात जोड्या असत आणि मावशीच्या कपाटात एकेकटे जोडे. "जोडी साहेब लोकांच्या कागदात राहते," ती म्हणायची, "बाईच्या पायात नाही राहत."

नियमाच्या बाबतीत मात्र ती कोणाच्या बापाचं ऐकत नसे. एकदा बाहेरून कोणी मोठे पाहुणे आले होते. त्यांना सेक्शन दाखवायला एक साहेब घाईघाईने पुढे आले आणि बाकापाशी न थांबता बुटासकट पट्टी ओलांडायला निघाले. मावशीने बसल्या जागेवरून हात आडवा केला. त्यांच्या बुटांना खिळे होते. चालण्याच्या आवाजावरून तिला कळलं होतं.

"साहब, जूता."

"अरे, मुझे पहचाना नहीं?"

"पाँव पहली बार देख रही हूँ साहब. बैठिए."

साहेब बसले. बूट काढला तर मोज्यातून अंगठा बाहेर. पाहुणे छताकडे बघू लागले. मावशीने काहीही न पाहिल्यासारखा चेहरा करून जोडा पुढे केला. साहेब आत गेल्यावर एवढंच म्हणाली, "घरवाली माहेरी गेलेली दिसते." पुढे दोन दिवस आम्हाला थैल्या शिवताना मध्येच हसू फुटत होतं.

तिच्या या पाय वाचण्याचा एक भाग मात्र गमतीचा नव्हता. कोणाला दिवस गेलेत हे त्या सेक्शनमध्ये आधी मावशीला कळायचं, मग त्या पोरीच्या सासूला. चाळीस जणींचे पाय ती रोज दोनदा बघायची. जोडा घट्ट होऊ लागला की पोरगी काही न बोलता एक माप मोठा जोडा पुढे आलेला बघायची आणि लाजायची. मग मावशीचा अंगठा सुरू. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर ती अंगठा दाबून धरायची, सोडायची आणि कणकेत बोट घातल्यावर उठतो तसा खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते बघत राम मोजायची. एक राम, दोन राम. "दोनात भरला, घरचा आहे," म्हणायची, म्हणजे साधी सूज, काळजी नको. जास्त झाले की प्रश्न विचारायची. सकाळी उतरते काय? दोन्ही पाय सारखेच काय? डोकं दुखते?

शिवाय उपदेश. एका जागी उभी राहू नको, पेटीवर टेक. बसल्या बसल्या घोटे फिरव. घरी गेल्यावर गादीची वळकटी कर आणि पाय तिच्यावर टाकून डाव्या अंगावर पड. सुपरवायझर बाईंना तर तिने अशा पोरींसाठी दर तासाला चार पावलं फिरायची मोकळीक द्यायला लावली होती. आणि पाणी. "पाणी तोडू नको. सासवा म्हणते पाण्यानं पाय सुजते. मग आपल्या नर्मदेच्या काठावरचे सारे हत्तीपाय घेऊन फिरले असते."

गोहलपूरची शकुन माझ्या शेजारच्या टेबलावर होती. तिला सातवा सरत आला होता. एक दिवस ती आली ती चेहरा असा भरलेला, गाल वर आलेले, की सगळ्या जणी म्हणाल्या, क्या निखर आई है! मी पण म्हटलं. शकुन बाकावर बसून हातातलं कंगन काढू लागली. ते निघेना. कालपर्यंत सरसर निघायचं. मावशी तिच्या पायांकडे न बघता तिच्या मनगटाकडे बघत राहिली.

"सिर दुखता है?"

"कल से, मौसी. आँखों के आगे चिनगारी सी भी आती है."

मावशी उठली. मी तिला त्या स्टुलावरून इतक्या झटकन उठताना कधी पाहिलं नव्हतं. "आज अंदर नहीं," म्हणाली. शकुन रडू लागली, हजेरी जाईल म्हणून. मावशीने जोड्यांच्या कपाटाला पाठ लावली आणि सुपरवायझर बाई येईपर्यंत हलली नाही. फॅक्टरीच्या गाडीतून शकुनला दवाखान्यात नेलं. तिचं ब्लडप्रेशर इतकं चढलं होतं, की डॉक्टरांनी तिला बाळंत होईपर्यंत घरी सोडलंच नाही. दुसऱ्या दिवशी तिची सासू गेटवर येऊन मावशीच्या नावाने ओरडून गेली, की या बाईने माझ्या सुनेला नजर लावली. महिन्याने तीच सासू नातवाचे पेढे घेऊन आली. मावशीने पेढा घेतला आणि म्हणाली, "बच्चे के पाँव दिखाने लाना."

पेढे आले त्या दिवशी बसची वाट बघताना मी विचारलं, "मावशी, तुम्हाला कळलं कसं?"

तिने बसच्या वाटेकडे एकदा पाहिलं. मग माझ्या चपलांकडे बघत म्हणाली, "माझ्या सुनेचं तोंड असंच भरून आलं होतं. मी म्हटलं, पोरीनं बाळसं धरलं. शेजारपाजारच्या बायकांना बोलावून बोलावून दाखवलं. पाय एवढाले झाले होते, ते काही मी पाहिले नाही. चौथ्या दिवशी झटके आले. दोघंही गेले." आणि म्हणाली, "तोंड पाहत राहिली मी. तेव्हापासून पाहत नाही."

एवढं ऐकून, एवढं समजून, मी पुढे वागले ते असं वागले.

त्या हिवाळ्यात लढाई लागली. आमचे हे फौजेत, वायरलेसवर. नोव्हेंबरातच पूर्वेकडे गेले होते. घरी मी आणि सासूबाई. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, रेडिओला कान. आणि मला सातवा महिना. सासूबाई मूळच्या नागपूरच्या, मनाने वाईट नव्हत्या, पण मुलगा लढाईवर गेल्यापासून त्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. मी सकाळी चहा नेऊन दिला की त्या आधी माझे पाय बघायच्या. "वसंता परत येईस्तोवर जोडवी पायातून उतरली नाही पाहिजे, सुमन. मी देवीला बोलली आहे."

आम्ही फॅक्टरीत रोज जोडवी उतरवतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. कोणाच्याच सासूला ठाऊक नव्हतं. लाल पट्टीजवळच्या त्या खुंट्यांवर आम्हा चाळीस जणींचं सौभाग्य दिवसभर लटकत असायचं आणि संध्याकाळी आम्ही ते पायात घालून साळसूदपणे घरी जायचो.

डिसेंबर लागला आणि माझे पाय सुजले. संध्याकाळी तर चपलेचा पट्टा पायात रुतून बसायचा आणि घोटा कुठे आहे ते शोधावं लागायचं. मावशीने अंगठा दाबला, राम मोजले, सगळे प्रश्न विचारले आणि म्हणाली, "घरचा आहे. भिऊ नको." जोडे दोन मापं मोठे दिले. सातवा संपेपर्यंत डॉक्टरची चिठ्ठी असली तर आत काम चालायचं. नंतर बाहेरच्या शिवणखोलीत. मला तो महिना आतच काढायचा होता. टेम्परवारी बायकांतून पक्क्या करायच्या होत्या आणि यादी सेक्शनमध्ये हजर असणाऱ्यांचीच होणार होती. यांचं काही बरंवाईट झालं तर मला, पोटातल्या जिवाला आणि सासूबाईंना त्या नोकरीशिवाय दुसरा आधार नव्हता. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण होतं ते असं होतं.

सूज आली तशी उजव्या पायातलं एक जोडवं निघेनासं झालं. मावशी माझा पाय आपल्या मांडीवर घ्यायची, साबण लावायची, बोटाला दोरा गुंडाळायची आणि जोडवं हळूहळू सरकवत काढायची. माझ्या आईच्या वयाची बाई, तिच्या मांडीवर माझा पाय. मी लाजेने मरायची. ती मात्र पायाशी गप्पा मारायची, "ये रे बाबा, ये. बाहेर तुझीच वाट पाहून राहिलो." पाच दिवस हे चाललं. सहाव्या दिवशी बोट सोलवटून रक्त आलं.

"उद्या हे घरून काढून ये," मावशी म्हणाली. "सकाळी सूज उतरलेली राहते. गार पाण्यात पाय ठेव, निघते. नाही तर वर्कशॉपातून कोणाला तरी बोलावून कापून टाकू."

"कापून?" जोडवं कधी कापतात, कोणाचं कापतात, ते मला माहीत होतं. "मावशी, हे लढाईवर आहेत."

"मग घरून काढून ये."

"सासूबाई बघतात रोज."

"तर सासूला सांग. मी येऊन सांगू काय?"

मी नाही म्हटलं. मीच सांगते म्हटलं. आणि घरी जाऊन काही सांगितलं नाही. सासूबाई देवीपुढे बसल्या होत्या, रेडिओवर बातम्या लागल्या होत्या, मी पोळ्या लाटायला बसले. सकाळी गार पाण्यात पाय ठेवायचा म्हटलं तर त्या समोर हजर. मी न्हाणीत जाऊन जुन्या पातळाची चिंधी फाडली, हळद लावली आणि जोडव्यावरून बोटाला घट्ट बांधली.

त्या दिवशी पट्टीपाशी मोठी रांग होती. डबल शिफ्ट लागली होती. माझा नंबर आला. मावशीने पाय हातात घेतला, चिंधीवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"नखुरडं झालंय मावशी. ठणकतंय. हात लावू नका."

"जोडवं?"

"घरी काढून ठेवलं."

मागून बायका ओरडत होत्या, मौसी जल्दी करो. मावशीने चिंधीचं टोक धरलं होतं. ते तिने ओढलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. पण तिने मान वर केली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"काही नाही न खाली?"

"नाही मावशी. तुमच्या गळ्याची शपथ."

तिने टोक सोडलं आणि जोडा पुढे केला.

साडेअकराच्या सुमाराला मी भरलेली थैली घेऊन पेटीकडे जात होते. दोन मापं मोठा जोडा पायातून निसटला, तोल गेला, पेटीची कड धरली म्हणून पडले नाही. पण पाय फरशीवर घासला, चिंधी सुटली आणि जोडवं फरशीला लागून वाजलं. आवाज अगदी बारीक होता. तो सगळ्यांनी ऐकला. एका क्षणात मशीनं थांबली. चाळीस बायका एकमेकींना न ढकलता, शिकवल्याप्रमाणे, दारातून बाहेर पळाल्या. आम्हाला दोन तास थंडीत मैदानात उभं केलं. झालं काहीच नाही. माझ्याशी त्या दोन तासांत कोणी बोललं नाही. मी पोटावर हात ठेवून उभी होते आणि मला एवढंच कळत होतं, की या चाळीस जणींच्या घरी आज काय निरोप गेला असता.

दुसऱ्या दिवशी चौकशी. टेबलामागे तीन साहेब. मला खुर्ची दिली, माझ्या अवस्थेमुळे. मावशी भिंतीजवळ उभी. त्यांनी मला एकच प्रश्न नीट, हळू आवाजात विचारला. पट्टीवर तुमचा पाय तपासला होता का?

रात्रभर मी ठरवलं होतं, खरं सांगायचं. तपासला, विचारलं, मी खोटी शपथ घेतली. पण खरं म्हणजे नोकरी गेली. वर घरी कारण सांगायचं. त्या खोलीत मला फक्त माझं पोट दिसत होतं.

"नाही," मी म्हणाले. "गर्दी होती. त्यांनी पाहिलंच नाही."

साहेब मावशीकडे वळले. "क्यों रेवाबाई? सच है?"

मावशी माझ्या सुजलेल्या पायांकडे बघत होती. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"सच है साहब," ती म्हणाली. "खोलकर देखना था. मैंने देखा नहीं. गलती मेरी है."

मला ताकीद मिळाली आणि त्याच दिवसापासून शिवणखोलीत बदली. तरी पक्क्या बायकांच्या यादीत माझं नाव राहिलं. मावशीला पट्टीवरून काढून आवारातल्या गवत कापणाऱ्या बायकांत घातलं. पंधरा वर्षं ती त्या स्टुलावर होती. लढाई त्यानंतर आठवड्याभरात संपली. हे सुखरूप परत आले. सासूबाईंनी देवीची ओटी भरली आणि माझ्या पायांतल्या जोडव्यांना हळदकुंकू वाहिलं.

पट्टीवर नवी बाई आली. ती जोड्या बरोबर रजिस्टराप्रमाणे द्यायची आणि तोंडाकडे बघून गोड बोलायची. बाळंतपणानंतर मी कामावर परत गेले, तेव्हा बस गेटातून आत शिरली की डाव्या बाजूला गवत कापणाऱ्या बायका ओळीने बसलेल्या दिसायच्या. मी उजवीकडच्या सीटवर बसू लागले. उजवीकडची सीट मिळाली नाही तर डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायची. मावशी रिटायर होईपर्यंत मी हे केलं. शकुन एकदा म्हणाली, "मौसी तुझे पूछ रही थी, बच्ची कैसी है." मी म्हटलं, जाऊन येईन. गेले नाही.

गेले ती बावीस वर्षांनी, आणि तेही माझ्या गरजेला. ती बच्ची, आमची नीता, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना आणि पाय सुजलेले. डॉक्टरीण म्हणाली सगळं ठीक आहे, प्रेशर ठीक, लघवी ठीक. माझा मात्र डोळ्याला डोळा लागेना. नीताचा चेहरा मला रोज जरा जास्त भरलेला दिसायचा. शेवटी शकुनकडून पत्ता घेतला आणि नीताला रिक्षात घालून गोहलपुरात मावशीच्या भाच्याच्या घरी गेले. वाटेत नीताला मावशीबद्दल सांगितलं: जोडे, साहेबांचा मोजा, शकुनचं कंगन. "मग पंधरा वर्षांनी तिला तिथून काढून टाकलं," एवढंही सांगितलं. माझ्या मनात दुसरं वाक्य तयार होतं. बावीस वर्षं घोकलेलं. मावशी, मी खोटं बोलले, तुमचा काही दोष नव्हता. नीतासमोर म्हणायचं, असंही ठरवलं होतं.

मावशी अंगणात खाटेवर बसली होती. वाळून काटकुळी झाली होती. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "ये सुमन." पायांकडे बघूनच. मग नीताला समोर बसवून तिचे दोन्ही पाय निरखले, हाताच्या अंगठ्या सैल आहेत ना ते फिरवून बघितलं, डोकं, डोळे, सगळं विचारलं. "काही नाही बेटा. पण माझ्यापेक्षा डॉक्टरीणबाईचं ऐकशील. डोकं दुखलं तर दिवस उजाडायची वाट नाही पाहायची." माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. भाचेसून चहा घेऊन आली.

नीता खूश झाली होती. आमच्या पोरांचं मराठी असंच, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं. ती म्हणाली, "आजी, तुम्ही इतकं सब पहचान लेता, तो फॅक्टरीवाल्यांनी तुम्हाला काहून काढलं हो?"

मावशीने मान वर केली. नीताकडे नाही, माझ्याकडे. सरळ तोंडाकडे. आणि थांबली. मला चांगलं कळलं ती कशासाठी थांबली आहे. ती ते वाक्य माझ्यासाठी सोडत होती. नीताही माझ्याकडे बघायला लागली, आपली आई म्हणून ज्या विश्वासाने बघतात तसं.

"मावशी," मी म्हणाले, "चहा गार होतोय."

मावशी अगदी थोडं हसली. मान पुन्हा खाली गेली. "डोळे कमजोर झाले होते बेटा माझे," ती नीताच्या पायांना म्हणाली. "पाहायचं ते दिसलं नाही."

मी निघताना वाकून तिच्या पाया पडले. तिने पाठीवर हात ठेवला. रिक्षा वळेपर्यंत ती दारात चौकट धरून उभी होती आणि नीताला हाताने खुणा करत होती, पाय वर घे, वर. नीताने हसत पाय उचलून समोरच्या दांड्यावर ठेवले.

"बिचारी," नीता म्हणाली. "पंधरा साल का काम, आणि एका चुकीत गेलं. आई, तू तर तिथंच होतीस ना? तू काही बोलली नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही," मी म्हणाले.